साखरपुड्याची अंगठी आणि आजेसासूबाईंचे वेढे

वाचक लिहितात : प्रिय ताई, मी २८ वर्षांची असून नाशिकमधल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. नाताळानंतरच्या आठवड्यात शरणपूरच्या चर्चमध्ये माझे लग्न आहे. साखरपुड्यात मला १८ कॅरेट पांढऱ्या सोन्याची, उंच कोंदणात एकच हिरा असलेली अंगठी मिळाली आणि ती मला फार आवडते. तिला चिकटून बसेल असे, हिऱ्यापाशी किंचित वळलेले आणि बारीक हिऱ्यांनी भरलेले वेढे, म्हणजे लग्नाची अंगठी, मी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात पाहून ठेवले होते. पण मागच्या रविवारी होणाऱ्या सासूबाईंनी त्यांच्या आईचे पिवळ्या सोन्याचे साधे वेढे माझ्या हातावर ठेवले. त्याच्या आत दोन अक्षरे कोरलेली आहेत. "लग्नात हेच घाल, नाहीतर आटवून तुला हवे तसे घडवून घे," असे त्या म्हणाल्या. ते मला सैल होते आणि अंगठीशेजारी अगदी विजोड दिसते. नको म्हटले तर त्या दुखावतील आणि घेतले तर मला मन मारल्यासारखे वाटेल. होणारे पती म्हणतात, तुम्ही दोघी ठरवा. मी काय करू?

ताईंचे उत्तर :

तुमच्या पत्रात सोन्याचा प्रश्न आणि माणसांचा प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आधी सोन्याचा सोडवू, कारण तो सुटला की दुसऱ्यातली बरीच भीती आपोआप कमी होईल, असे मला वाटते. माझे मत सुरुवातीलाच सांगते : तुम्ही ते जुने वेढे आटवू नये, बोटाच्या मापाचे करून घ्यावे आणि लग्नात तेच घालावे. सासूबाईंचे मन राखण्यासाठी मी हे म्हणत नाही. तुमच्या हाताला आणि तुमच्या कामाला तेच अधिक योग्य आहे, म्हणून म्हणते.

साखरपुड्याची अंगठी ठरलेली आहे आणि लग्नाचे वेढे तिच्याशी जुळवून घ्यायचे आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. दुकानातही याच क्रमाने दाखवतात. परंतु तुमच्या बोटात रोज काय राहणार आहे, याचा विचार आधी व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत रुग्णसेवा करताना अंगठ्या घालू नयेत असेच सुचवले आहे. धार्मिक किंवा सांस्कृतिक कारणाने आवश्यक वाटत असेल तर नेहमीच्या कामात लग्नाचे साधे वेढे चालू शकते आणि शस्त्रक्रियागृहासारख्या ठिकाणी तेही काढावे, असे त्यांत म्हटले आहे. तुमच्या रुग्णालयाचा नियम याहून कडक असेल तर अर्थातच तो पाळा. पण उंच कोंदणातला हिरा वॉर्डात नेता येणार नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे, कारण हातमोजा चढवताना हिरा धरणारी कोंदणाची नखी अडकून तो फाटतो आणि कोंदणाखाली साबणाचा ओलावा साचून राहतो. म्हणजेच कामाच्या प्रत्येक दिवशी ती अंगठी घरी राहणार आणि वेढे बोटात एकटे असणार.

आता दुकानातले ते वळलेले वेढे एकटे डोळ्यांसमोर आणा. हिऱ्याला जागा देण्यासाठी ठेवलेला बाक हिऱ्यावाचून रिकामा दिसतो आणि जोडी न पाहिलेल्या माणसाला अंगठी वाकली आहे की काय, असे वाटते. शिवाय बारीक हिरे धरून ठेवणाऱ्या नख्या केसाएवढ्या नाजूक असतात आणि दिवसातून अनेकदा हात धुणाऱ्या, सॅनिटायझर लावणाऱ्या माणसाच्या बोटात त्यांच्यामध्ये साबणाचा पांढुरका थर बसतो. फरशी आणि ट्रॉली पुसायला तुमच्याकडे जे ब्लीचिंगचे द्रावण वापरतात, त्यातल्या क्लोरीनचा परिणाम सोन्यात मिसळलेल्या इतर धातूंवर होतो, आणि १८ कॅरेटमध्ये अशा धातूंचे प्रमाण एक चतुर्थांश असते. माझे म्हणणे पटत नसेल तर एकदा त्या दुकानात पुन्हा जा, वेढे साखरपुड्याच्या अंगठीशिवाय बोटात घाला, पर्समधून नेलेला हातमोजा त्यावर चढवा आणि काढा. मखमलीच्या ताटलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन अंगठ्या पाहून जे वाटले होते, तेच तेव्हाही वाटले तर माझा सल्ला खुशाल बाजूला ठेवा.

दोन अंगठ्या एकाच बोटात रोज घालण्याविषयी आणखी एक गोष्ट सराफ क्वचितच आपणहून सांगतात. जुने वेढे बहुधा २२ कॅरेटचे असेल, म्हणजे त्यात ९१.६ टक्के सोने असेल, आणि तुमच्या अंगठीत ७५ टक्के आहे. सोने जितके शुद्ध तितके मऊ असते, आणि शेजारी शेजारी घासणाऱ्या दोन धातूंत मऊ धातू आधी झिजतो. वर्षानुवर्षे एकाच बोटात घातल्यास पांढऱ्या सोन्याच्या कडेने पिवळ्या वेढ्याला खाच पडेल. उलट अंगठीवरचा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामाही घासून उतरेल आणि खालचा पिवळसर रंग दिसू लागेल. तेव्हा दोन्ही एका बोटात घालण्याचा हट्टच सोडून द्या. वेढे डाव्या हाताच्या अनामिकेत, हिऱ्याची अंगठी सणासमारंभाला उजव्या हातात, अशी वाटणी केली की आज तुम्हाला खुपणारा पिवळ्या आणि पांढऱ्याचा विजोडपणाही उरत नाही, कारण दोन वेगळ्या हातांवर दोन वेगळे रंग कोणाला खटकत नाहीत. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये जाण्यापूर्वी साखरपुड्याची अंगठी उजव्या हातात घाला, म्हणजे पाळकसाहेबांसमोर वेढे घालून घेताना डावे बोट मोकळे असेल.

आटवण्याची मुभा सासूबाईंनी स्वतः दिली, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा आहे. तरीही ती घेऊ नये, असेच मी म्हणेन. वेढे ४ ग्रॅमचे आहे असे धरले तर त्यातल्या शुद्ध सोन्यापासून १८ कॅरेटचे सुमारे ४.९ ग्रॅम सोने तयार होईल, त्यामुळे वजनाच्या दृष्टीने हा सौदा वाईट वाटणार नाही. पण पिवळ्या सोन्यात तांबे आणि चांदी मिसळलेली असते आणि पांढरे सोने करायचे तर ते आधी शुद्ध करावे लागते. एवढा खटाटोप एका वेढ्यासाठी कोणी करत नाही. बहुतेक ठिकाणी तुमचे वेढे मोडीत घेतील, घट वजा करतील, घडणावळ लावतील आणि दुसरेच सोने हातात देतील. त्या नव्या वेढ्यात आजेसासूबाईंच्या सोन्याचा कणही नसेल, आणि आतली दोन अक्षरे तर गेलेलीच असतील.

सैलपणाची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्याकडे नीट लक्ष द्यायला हवे. आपल्याकडे सैल अंगठीला आतून दोरा गुंडाळण्याची सवय आहे. तुमच्यासारख्या सतत हात धुणाऱ्या व्यक्तीने ती अजिबात लावून घेऊ नये, कारण दोरा ओलाच राहतो आणि खालची कातडी सोलवटते. फरक थोडा असेल तर आतून सोन्याचे दोन बारीक मणी डागून घेता येतात. जास्त असेल तर वेढे कापून तुकडा काढावा लागतो, आणि ते कुठे कापायचे हे तुम्ही सोनाराला बोट ठेवून दाखवा : अक्षरांच्या बरोबर समोरच्या बाजूला. कापलेली टोके जोडणारा डाग २२ कॅरेटचाच द्यायला सांगा, नाहीतर सांध्यावर फिकट रेघ दिसते. मापही एकदाच देऊ नका. सकाळच्या गारव्यात बोट बारीक असते आणि दुपारी, विशेषतः उभ्याने ड्युटी केल्यावर, सुजल्यासारखे होते. लग्न डिसेंबरच्या थंडीत असले तरी वेढे तुम्हाला एप्रिल-मेच्या उन्हातही घालायचे आहे. ड्युटीवरून थेट जाऊन एक माप द्या, सुटीच्या सकाळी दुसरे द्या आणि दोन्हींच्या मधले निवडा. वेढे बोटाच्या सांध्यावरून जाताना थोडे अडले पाहिजे. ते पटकन निसटत असेल तर हातमोजा काढताना त्याच्यासोबत कचऱ्यात जाईल.

तळहाताच्या बाजूची जाडीही तपासून घ्या, कारण जुनी वेढी तिथेच झिजतात. दीड मिलिमीटरच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. एक मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर तेवढा भाग नवा जोडून घ्यावा लागेल. कस पाहण्यासाठी घासण्याची किंवा कापण्याची गरज नसते, यंत्रावर ठेवले की काही मिनिटांत टक्केवारी कळते. वेढ्यावर हॉलमार्क नाही म्हणून घाबरू नका, कारण ते बंधन विकणाऱ्यावर आहे, घरातले सोने वापरणाऱ्यावर नाही.

एवढे वाचूनही मन नव्या वेढ्याकडेच ओढ घेत असेल, तर तसे ठरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. बोट तुमचे आहे. त्या वेळी सरळ, बिनखड्याचे, दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचे आणि अंगठीप्रमाणेच १८ कॅरेटचे वेढे घ्या, म्हणजे अधूनमधून दोन्ही एकत्र घातले तरी कोणाची फारशी झीज होणार नाही. आत १८ के ७५० ही खूण आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा हॉलमार्क क्रमांक, असावा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर दुकानातच पडताळून पाहा. आजेसासूबाईंचे वेढे मग उजव्या हातात घाला.

आता माणसांविषयी. "तुम्ही दोघी ठरवा" हे होणाऱ्या पतींचे उत्तर मला मान्य नाही. वेढे त्यांच्या आजीचे आहे, लग्न त्यांचेही आहे, आणि आई व बायको यांच्यामधल्या प्रत्येक प्रश्नातून ते आत्ताच बाजूला झाले, तर पुढेही त्यांना तीच सवय लागेल. त्यांना हे रागावून नव्हे, पण स्पष्टपणे सांगा. सासूबाईंकडे जाताना होकार किंवा नकार घेऊन जाऊ नका. आधी त्यांना विचारा, ही दोन अक्षरे कोणाची, आजींनी हे कधीपासून घातले, शेवटपर्यंत बोटात होते का. तुम्ही ते वेढे केवळ सोने म्हणून पाहत नाही, एवढे त्यांना कळले की पुढचे बोलणे सोपे होते. मग सांगा, "आई, मला हे आटवायचे नाही. माझ्या मापाचे करून घेऊ या, तुम्ही सोबत चला. हिऱ्याची अंगठी मी उजव्या हातात घालेन." आणि नवे घ्यायचे ठरले असेल तर तेही याच बैठकीत, याच शब्दांत सांगा. लग्नाच्या आठवड्यात त्यांना ते इतर कोणाकडून कळता कामा नये.

सराफ बाजारातल्या ओळखीच्या पेढीवर दोघी मिळून जा. दिवाळीच्या तोंडावर आणि तुळशीच्या लग्नानंतर कारागिरांकडे कामाची रीघ असते, म्हणून वेढे त्याआधीच द्या. देण्यापूर्वी तुमच्यासमोर वजन करून ते मिलिग्रॅमपर्यंत पावतीवर लिहून घ्या, आतल्या अक्षरांचा मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा आणि परत घेताना काढलेला तुकडाही मागून घ्या. होणाऱ्या पतींचेही माप त्याच फेरीत देऊन टाका. ते सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात यंत्रावर काम करत असतील, तर त्यांच्यासाठी वेढ्यासोबत गळ्यात घालायची बारीक साखळीही पाहा, कारण फिरत्या यंत्राजवळ अंगठी घालणे बोटाला धोक्याचे असते आणि कामाच्या वेळात त्यांना ती काढूनच ठेवावी लागेल.