‘अपॉल्ड’ कधी लिहायचं आणि ‘शॉक्ड’ कधी

यावलच्या भाऊंनी विचारलंय, की वादळात केळीची बाग आडवी झाली, तर ‘आय वॉज अपॉल्ड बाय द स्टॉर्म’ असं लिहिलेलं चालेल का? त्यांच्या शब्दकोशात ‘अपॉल्ड’पुढे नुसतं ‘भयभीत’ दिलंय.

भाऊ, व्याकरणात चूक नाही. तरी मी तिथे हा शब्द घालणार नाही.

हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘फिकट पडणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, इंग्रजीतल्या ‘पेल’च्याच गोतातला. आपण ‘चेहरा पांढराफटक पडला’ म्हणतो, तसंच काहीसं. शब्दकोशातलं ‘भयभीत’ या जुन्या अर्थाच्या जवळचं आहे. आजच्या वापरात मात्र अपॉल्ड झालेला माणूस सहसा घाबरलेला नसतो. त्याला धक्का बसलेला असतो आणि त्या धक्क्यातच चीडही असते: हे व्हायलाच नको होतं, कुणीतरी हे होऊ दिलं!

आता तुमचंच उदाहरण घ्या. मे-जूनच्या वाऱ्यात कापणीला आलेल्या घडासकट खांब मधूनच मोडतात आणि घड मातीत जातो. बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. पण दोष द्यायचा कुणाला? वाऱ्याला? तिथे ‘शॉक्ड’ म्हणा, पीकच गेलं असेल तर ‘डिव्हॅस्टेटेड’ म्हणा. निसर्गानं केलेल्या नासाडीबद्दलही ‘अपॉल्ड’ लिहिलेलं कधी कधी दिसतं, ते चूकही नाही. पण या शब्दाची खरी धार माणसाच्या वागण्यावर चालते. समजा, बागेत पाऊलही न टाकता गावात बसूनच पंचनामा उरकला. मग बिनधास्त लिहा: ‘आय वॉज अपॉल्ड टू लर्न दॅट नोबडी हॅड व्हिजिटेड द फील्ड.’ इथे दुसरा कुठलाही शब्द फिका पडेल.

पुढे ‘अॅट’ किंवा ‘बाय’ येतं: अपॉल्ड अॅट द डिले, अपॉल्ड बाय हिज लँग्वेज. क्रियापद आलं तर ‘टू’: अपॉल्ड टू सी, अपॉल्ड टू हिअर. ‘व्हेरी अपॉल्ड’ कानाला खटकतं, कारण शब्दातच टोक गाठलेलं आहे. जोर द्यायचाच तर ‘अॅब्सोल्यूटली’ लावा.

आपली मुलं हमखास अडखळतात ती ‘अपॉल्ड’ आणि ‘अपॉलिंग’मध्ये, म्हणून हे नीट बघा. ज्याला धक्का बसला तो अपॉल्ड, ज्या गोष्टीनं बसला ती अपॉलिंग. बसस्टँडवरच्या स्वच्छतागृहाची अवस्था अपॉलिंग, ती बघून तुम्ही अपॉल्ड. मुलाखतीत कुणी ‘आय अॅम अपॉलिंग’ म्हणालं, तर ‘मी अगदीच भिकार माणूस आहे’ असा अर्थ होतो.

‘अगॅस्ट’ही याच्या जवळचा, पण त्यात तोंडाचा आ वासून थिजल्याची छटा जास्त, आणि तो नामाआधी सहसा येत नाही. ‘डिस्मेड’ सौम्य, त्यात हिरमोड अधिक.

तक्रारीच्या अर्जात ‘अपॉल्ड’ एकदाच वापरा आणि नेमकं काय घडलं ते त्याच वाक्यात सांगा. ‘आय अॅम अपॉल्ड’ एवढंच लिहून थांबलात, तर वाचणाऱ्याला तुमचा राग कळेल, तक्रार कळणार नाही.