वाचकांचे प्रश्न : जपानची गाडी, मोंबासा बंदर आणि युगांडातला कर

प्रश्न : माझा मुलगा युगांडात जिंजाजवळच्या साखर कारखान्यात अभियंता आहे. जपानमधून २०१२ ची टोयोटा प्रीमिओ मागवण्याचा त्याचा विचार आहे. जपानी विक्रेत्याने सांगितलेली किंमत फारच कमी वाटते. परंतु दारात येईपर्यंत ती दुप्पट होते, असे त्याचे सहकारी सांगतात. हे खरे आहे का? पुढे करार संपल्यावर ती गाडी कोल्हापूरला आणता येईल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सहकाऱ्यांच्या म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. युगांडाला समुद्र नाही. जपानहून निघालेली गाडी केनियातील मोंबासा बंदरात उतरते आणि तेथून मलाबा किंवा बुसियाची सीमा ओलांडून कंपालापर्यंत सुमारे १,१५० किलोमीटर रस्त्याने जाते. विक्रेत्याची ‘सीआयएफ’ किंमत म्हणजे गाडी, विमा आणि जहाजभाडे, तेही बंदरापर्यंतचेच. त्यापुढचा बंदराचा आकार, क्लिअरिंग एजंटाचे (सीमाशुल्काची कागदपत्रे पुरी करून गाडी सोडवून देणाऱ्याचे) शुल्क, गाडी नेणाऱ्या चालकाचा किंवा ट्रेलरचा खर्च आणि युगांडाचे सर्व कर आपल्या चिरंजीवांनाच भरावे लागतील.

कराचा भाग नीट समजून घ्यावा, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. आयात शुल्क आकारल्यानंतर त्या वाढलेल्या रकमेवर १८ टक्के मूल्यवर्धित कर लागतो, आणि जुन्या गाड्यांवर पर्यावरण अधिभार वेगळा असतो. शिवाय तेथील महसूल प्राधिकरण जुन्या गाड्यांसाठी स्वतःकडील मूल्यसूची वापरते. त्यामुळे गाडी स्वस्तात मिळाली, तरी कर त्याच प्रमाणात कमी होईल असे गृहीत धरू नये. पैसे पाठवण्यापूर्वी चासी क्रमांक एजंटाला देऊन कराचा लेखी अंदाज मागवावा. तो मिळेपर्यंत एक रुपयाही पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीच्या वयाचाही प्रश्न आहे. २०१८ च्या कायदादुरुस्तीनंतर निर्मितीपासून १५ वर्षे उलटलेली गाडी युगांडात आयात करता येत नाही. प्रीमिओ त्या मर्यादेच्या काठाजवळ आहे, म्हणून निर्मितीचे वर्ष आणि जपानमधील प्रथम नोंदणीचे वर्ष यांत गल्लत होऊ देऊ नये. निर्यात प्रमाणपत्रावर असते ती नोंदणीची तारीख. केनियात आयात होणाऱ्या गाड्यांना असलेली आठ वर्षांची वयोमर्यादा मात्र तेथून फक्त पुढे युगांडात जाणाऱ्या गाडीला लागू होत नाही.

आपल्याकडे बेळगावहून केए क्रमांकाची गाडी घेताना ना-हरकत प्रमाणपत्र हातात नसेल, तर एमएच-०९ चा क्रमांक मिळणे किती अवघड होते, हे आपण जाणताच. तेथे तेच महत्त्व मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), निर्यात प्रमाणपत्र आणि निर्यातपूर्व तपासणीच्या दाखल्याला आहे. गाडी जपानमधील लिलावातून आली असल्यास लिलावाचा तपासणी कागदही मागावा. त्यावर ‘आर’ श्रेणी असल्यास अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी समजावी. होक्काइदोसारख्या बर्फाळ भागात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याने गाडीचा तळ गंजतो, म्हणून गाडीच्या खालच्या बाजूची छायाचित्रे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. (एक बारीकशी बाब : जपानी रेडिओचा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० च्या आसपास संपतो, त्यामुळे युगांडातील बरीच केंद्रे त्यावर लागत नाहीत. स्वस्त जोडणीने हे काम भागते.)

तरीही, एकाच गाडीसाठी आणि तेही प्रथमच, मी चिरंजीवांना कंपालातील ‘बाँड’मधून गाडी घेण्याचा सल्ला देईन. हे सीमाशुल्काच्या नियंत्रणाखालील गोदाम असते. उद्यमनगरातल्या आपल्या विश्वासू मेकॅनिकला नेऊन जशी आपण इंजिन ऐकून गाडी घेतो, तशी येथे ती पाहून, चालवून आणि तेथील जाणकार मेकॅनिकला दाखवून घेता येते. किंमत थोडी अधिक पडेल. परंतु पैसे गेले आणि गाडी बंदरातच अडकली, ही वेळ येणार नाही. फक्त सांगितलेल्या दरात कर धरला आहे की नाही हे आधी विचारावे, आणि लॉगबुक (तेथील नोंदणी पुस्तिका) मुलाच्या नावावर झाल्याखेरीज व्यवहार पूर्ण मानू नये.

कोल्हापूरला ही गाडी आणता येणार नाही. भारतात तीन वर्षांहून जुनी मोटार आयात करण्यास सर्वसाधारणपणे परवानगी नाही, आणि त्याहून नवी असली तरी सीमाशुल्क गाडीच्या किमतीपेक्षा अधिक होते. परतण्याच्या दोन-तीन महिने आधी ती तेथेच विकण्याची तजवीज करावी.