वाट बदलताना सोबत कोण असावं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, सावकाश वाचलं. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून शेतीच्या अवजारांच्या डिझाइनकडे वळावं असं तुझ्या मनात आहे. मेकॅनिकलची पदवी घेतलेल्या मुलीला असं वाटलं तर मला नवल नाही. ड्रॉइंगच्या तासाला तुझी शीट मी कितीदा वर्गाला दाखवायचे, तुला आठवत असेल.

पण तू लिहितेस, की ऑफिसमधल्या सगळ्या मैत्रिणींनी पाठिंबा दिला आणि त्यामुळे तुझी खात्री पटली. त्या वाक्यापाशी मी थांबले. त्या मुलींच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. मात्र त्या सगळ्या तुझ्याच वयाच्या, तुझ्याएवढ्याच पगाराच्या, रोज संध्याकाळी तुझ्यासारख्याच हिंजवडीच्या रस्त्यावर अडकणाऱ्या आहेत. तुला नोकरीचा कंटाळा आला, तसा त्यांनाही आला असणार. त्यांचा होकार म्हणजे बराचसा तुझाच होकार आहे.

पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंस, की शाळेतल्या तुझ्या जुन्या मैत्रिणीशी आता बोलायला विषयच उरला नाही. बारावीनंतर तिचं लग्न झालं, ती सासरी दीड एकर हळद आणि थोडा ऊस सांभाळते, आणि फोनवर दोन मिनिटांत बोलणं संपतं. तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगते. किर्लोस्करवाडीवरून तू कितीदा गेली असशील. किर्लोस्कर उद्योग उभा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, खर्च थोरल्या भावाने, रामूअण्णांनी उचलला. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला हे कळल्यावर काय वाटलं असेल! त्यांनी रंग सोडले आणि हातात होती ती रेषा घेऊन ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

लोक हे सांगताना धाडसाचं कौतुक करतात. मला त्यात दुसरंच दिसतं. प्रत्येक वळणावर त्यांनी आधीच्या कामातलं काहीतरी बरोबर नेलं. चित्रकलेने डोळा दिला, ड्रॉइंगने मोजमाप दिलं, सायकलीच्या दुकानाने सुट्या भागांची आणि गिऱ्हाइकाची ओळख करून दिली. तूही टेस्टिंगच्या नोकरीबद्दल 'वर्षं वाया गेली' असं लिहू नकोस. एखादी गोष्ट कुठे मोडेल हे आधी शोधायची सवय तुला त्या नोकरीने लावली आहे. अवजाराच्या कामात ती रोज लागेल.

आणि सोबत कोण होतं ते बघ. 1910 मध्ये बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला लावली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं बिनव्याजी कर्ज त्यांनी दिलं. तीच आजची किर्लोस्करवाडी. तेव्हा जमीन कसली, निवडुंगाचं रान. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे मोठे प्रसारक होते. एका बाजूला संस्थानिक, दुसऱ्या बाजूला भट्टीपाशी राबणारा कारखानदार.

कारखान्यातली माणसंही एका साच्यातली नव्हती. रामूअण्णा आखणी आणि कारभार बघायचे, शंभूराव जांभेकर इंजिनिअरिंग. मंगेशराव रेगे हिशेबाला, के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेणारे. अनंतराव फळणीकर शिक्षणात मागे पडलेले, पण कल्पक डोक्याचे. पहाऱ्यावर तर दरोड्याची शिक्षा भोगून आलेले दोघे होते! आजही असा निर्णय कुणी सहज घेणार नाही. एकट्या लक्ष्मणरावांकडे हे सगळे गुण नव्हते, आणि असायची गरजही पडली नाही. हिशेबी माणूस कल्पक माणसाला आवरतो, कल्पक माणूस हिशेबी माणसाला हलवतो. रोज एकत्र काम करताना कुरबुरी झाल्याच असतील, पण कारखाना उभा राहिला तो असाच.

नांगराचं मात्र नीट लक्षात ठेव, कारण तुझं काम त्याच जातीचं आहे. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी मानत. नांगर चांगला असून शेतकरी तो घेईना, आणि त्याचं कारण ड्रॉइंगच्या कागदावर सापडणारं नव्हतं, ते बांधावर होतं.

तुझी ती मैत्रीण बांधावरच उभी आहे. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, वाकून पाठीत कुठे कळ येते, खुरप्याची मूठ ओल्या हातात कशी सरकते, बायकांसाठी म्हणून आलेलं सायकल कोळपं, ते चाकावर ढकलून तण काढायचं अवजार, कुणी वापरलं आणि कुणाच्या गोठ्यात पडून राहिलं, हे ती सांगू शकेल. अवजार विकत घ्यायचा निर्णय घरात कोण घेतं, हेही तिलाच ठाऊक असेल, आणि हा प्रश्न तुझ्या ऑफिसमधल्या एकीलाही सुचला नसेल.

पण एक विनवणी आहे. तिच्याकडे माहिती काढायला म्हणून जाऊ नकोस. आधी मैत्रीण म्हणून जा, दोन दिवस राहा, तिच्याबरोबर सरीत बस. तिच्या लेकराचं, सासूच्या गुडघ्याचं, हळदीच्या भावाचं ऐक. पुढे खरोखर काही घडलं आणि तिच्या सांगण्यावरून तुझं डिझाइन बदललं, तर तिचं नाव आणि तिचा मोबदला दोन्ही चोख दे. शिकलेल्या माणसांनी राबणाऱ्या माणसांकडून फुकट शहाणपण नेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तू ती चालवू नयेस असं मला मनापासून वाटतं.

माझ्या आयुष्यातही अशी एक मैत्रीण आहे. मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून शिकवायला यायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांनी, सहकाऱ्यांनी कौतुक केलं. ती सहकारी बँकेत रोखपाल. तिने एवढंच विचारलं, 'तिथला पहिला पगार किती तारखेला हातात पडणार?' मला त्या क्षणी राग आला. शिकवण्याच्या आनंदाबद्दल मी बोलत होते आणि ही तारखा विचारत होती. पण त्या प्रश्नामुळे मी घरखर्च मांडला, आणि वर्ग सुरू झाल्यावर पैशाच्या काळजीत एकही तास घालवावा लागला नाही. आम्ही दोघी कशातच सारख्या नाही. तिला माझी पुस्तकं कंटाळवाणी वाटतात, मला तिचे आकडे. तरी आयुष्यातला कुठलाही मोठा निर्णय मी तिला सांगितल्याशिवाय घेतलेला नाही.

प्रत्येक नाही म्हणणाऱ्याला मित्र समजू नकोस, एवढं मात्र सांगते. काही माणसं दुसऱ्याचं पाऊल उचललेलं सोसत नाहीत म्हणून अडवतात. ती ओळखायला सोपी असतात, कारण त्यांना तुझं ऐकून घ्यायचंच नसतं. तुझं भलं व्हावं असं ज्याला वाटतं पण जो तुझ्या जागेवर उभा नाही, असा माणूस हवा.

आता माझ्या मैत्रिणीच्या वतीने थोडं पैशाचं. राजीनामा दिल्यावर पीएफ काढून घ्यायचा मोह होईल. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलास तर त्यावर कर लागू शकतो, आणि तुझी अजून चारच झाली आहेत. दुसरीकडे नोकरी धरलीस तर पीएफ तिकडच्या खात्यात वळवून घे, आधीची सेवा जोडली जाते. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घे. आधीपासूनच्या दुखण्यांना प्रतीक्षा कालावधी असतो, तो संपेपर्यंत त्यांचा खर्च विम्यातून मिळत नाही, त्यामुळे आईला त्यात घेणार असशील तर उशीर करू नकोस. आणि पूर्ण वर्षाचा खर्च बाजूला पडल्याशिवाय नोटीस देऊ नकोस. यावर तू वाद घालशील हे माहीत आहे, तरी लिहिते.

हळद जानेवारीपासून काढायला लागतील. त्या दिवसांत चार दिवसांची रजा टाक आणि थेट तिच्याकडे जा, लॅपटॉप पुण्यातच ठेव. तिथून परत जाताना माझ्याकडे एक मुक्काम कर, आणि जमलं तर तिलाही घेऊन ये. तिच्याशी मला स्वतःला बोलायचं आहे. माझी रोखपाल मैत्रीणही येईल, तिला मी आजच कळवते. तोपर्यंत खर्चाचा कागद तयार कर आणि मला पाठव.

तुझी,
मॅडम