म्हातारा होत आलेला क्वार्टरबॅक विकायचा की ठेवायचा, यावरून फॅन्स एवढे का भांडतात?

प्रश्नात लिहिलंय की तुम्ही विस्कॉन्सिनला भावाकडे आला होतात आणि तिथे जेवणाच्या टेबलावर दोन चांगली शिकलेली माणसं पॅकर्स टीमचा क्वार्टरबॅक आरोन रॉजर्स याच्या ट्रेडवरून (ट्रेड म्हणजे खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काहीतरी घेणं) जवळजवळ एकमेकांच्या अंगावर गेली, आणि तुम्हाला कळेना की होऊन गेलेल्या गोष्टीवर एवढं काय, आणि शेवटी बरोबर कोण होतं. मी ॲपलटनला राहते, पॅकर्सच्या ग्रीन बेपासून गाडीने अर्धा तास, डिसेंबर २००७ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आले ती इथेच राहिले, त्यामुळे हे भांडण मी एकदा नाही तर दोनदा पाहिलंय. आणि माझं सरळ मत असं की २०२३ मध्ये लोक रॉजर्सवरून भांडतच नव्हते, ते २००८ चं अर्धं राहिलेलं भांडण पुढे चालू करत होते.

आधी ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक प्लेला बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो, म्हणजे कॅप्टन, ओपनर आणि फिनिशर एकच माणूस असं समजा. तो चांगला मिळाला तर दहा-पंधरा वर्षं टीमचं नशीब त्याच्या हातात, आणि मिळाला नाही तर तेवढीच वर्षं रडायचं.

आता २००८. मी आले तेव्हा इथे पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्ह म्हणजे देव होता. १९९२ ला अटलांटाकडून ट्रेडमध्येच आलेला माणूस, ९५, ९६, ९७ अशी सलग तीन वर्षं एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू (तिसऱ्या वर्षी बॅरी सँडर्सबरोबर वाटून), जानेवारी १९९७ ला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून दिलेला, आणि सोळा सीझन खेळलेला. मी पाहिलेली पहिली अख्खी मॅच म्हणजे २० जानेवारी २००८ ची न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धची, लॅम्बो फील्डवर, म्हणजे पॅकर्सच्या मैदानावर, उणे १८ सेल्सिअस, जायंट्सच्या कोचचे गाल टोमॅटोसारखे लाल झालेले टीव्हीवर दिसत होते आणि मी सांगलीच्या उन्हात वाढलेली, रजई पांघरून विचार करत होते की ही माणसं बाहेर बसलीत कशी. ओव्हरटाइममध्ये फाव्हने पास टाकला तो जायंट्सच्या खेळाडूच्या हातात, जायंट्सनी किक मारली, २३–२०, संपलं. पॅकर्ससाठी त्याचा तो शेवटचा पास.

मार्चमध्ये तो ढसाढसा रडत रिटायर झाला. जुलैमध्ये म्हणाला मला परत यायचंय. तोपर्यंत टीमने ठरवलं होतं की तीन वर्षं बेंचवर बसलेला रॉजर्स आता खेळणार. मग सुरू झालं. अर्धं गाव म्हणे फाव्हला घ्या, अर्धं म्हणे किती वेळा रुसणार आणि किती वेळा मनवायचं, आणि टीमने फाव्हला घरी बसायसाठी दोन कोटी डॉलर देऊ केले अशाही बातम्या होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला लॅम्बोवर प्रॅक्टिस बघायला लोक आले आणि स्वतःच्याच टीमच्या नव्या क्वार्टरबॅकला, म्हणजे रॉजर्सला, हुर्यो केली. दोन-तीन दिवसांत फाव्ह न्यूयॉर्क जेट्सला गेला. ट्रेडमध्ये एक गंमतशीर अट होती म्हणतात, की जेट्सनी त्याला मिनेसोटा वायकिंग्जला, म्हणजे आमच्या भाऊबंदकीतल्या टीमला, दिला तर पॅकर्सना पहिल्या राउंडचे तीन पिक द्यायचे (दर वर्षी टीम कॉलेजची नवी पोरं आळीपाळीने निवडतात त्याला ड्राफ्ट म्हणतात, पिक म्हणजे त्यातली एक निवड, आणि पहिल्या राउंडची सगळ्यात मोलाची). पण जेट्सनी पुढच्या वर्षी त्याला नुसतं मोकळं केलं आणि तो स्वतःच्या पायांनी वायकिंग्जकडे गेला, लॅम्बोवर येऊन ३८–२६ ने जिंकून गेला, ते सुद्धा चाळिशी गाठून.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, पेपर मिलमधून रिटायर झालेले. त्यांनी त्या रविवारी फाव्हची ४ नंबरची जर्सी घडी घालून तळघरातल्या पेटीत टाकली, ख्रिसमसचे दिवे ठेवतात त्याच पेटीत. फेकली नाही हे लक्षात घ्या.

आणि मग रॉजर्सने फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकला, पुढे चार वेळा एमव्हीपी झाला, त्यामुळे २००८ ला ज्यांनी फाव्हला जाऊ दे म्हटलं होतं ते लोक कायमचे शहाणे ठरले, आणि इथूनच पुढचा सगळा घोळ आहे. कारण २०२० च्या ड्राफ्टमध्ये टीमने वर सरकून २६ नंबरला जॉर्डन लव्ह हा नवा क्वार्टरबॅक घेतला आणि रॉजर्सला विचारलंही नाही, तर शहाण्यांना वाटलं बघा, तोच सिनेमा परत, तीन वर्षं बसवा आणि म्हाताऱ्याला काढा. पण त्या म्हाताऱ्याने पुढची दोन वर्षं लागोपाठ एमव्हीपी मारली. सदतीस-अडतीसाव्या वर्षी. आता काय करता.

आता पैशाचा भाग, कारण तो कळल्याशिवाय टेबलावरचं भांडण कळणार नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या लीगमध्ये, प्रत्येक टीमच्या पगारावर कडक मर्यादा असते, २०२३ मध्ये ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. मग टीम काय करते, खेळाडूला सहीच्या वेळी मोठी रक्कम एकदम हातात देते पण वहीत ती चार-पाच वर्षांत वाटून लिहिते, आपल्या हप्त्यांसारखी. खेळाडू मध्येच गेला की उरलेले हप्ते एकदम अंगावर येतात, त्याला डेड मनी म्हणतात. रॉजर्स गेला तेव्हा पॅकर्सवर असे ४ कोटी डॉलर पडले, म्हणजे नसलेल्या माणसावर मर्यादेच्या जवळपास अठरा टक्के खर्च. त्यामुळे ‘विकून टाका’ हे बोलायला सोपं असतं, विकणाऱ्यालाही वर्षभर पोट बांधून राहावं लागतं.

८ जानेवारी २०२३, लॅम्बोवर रॉजर्सची पॅकर्सकडून शेवटची मॅच, जिंकले असते तर प्लेऑफ होता, डेट्रॉइट लायन्सकडून २०–१६ ने हरले, आणि त्याचा शेवटचा पास, फाव्हसारखाच, इंटरसेप्ट. मॅच झाल्यावर लायन्सच्या एका नव्या पोराने त्याची जर्सी मागितली तर तो म्हणाला ही मी ठेवतो, आणि जुन्या मित्राच्या, रँडल कॉबच्या, खांद्यावर हात टाकून बोगद्यातून आत गेला. त्या एका जर्सीवरून आमच्याकडे महिनाभर चर्चा. ठेवली म्हणजे रिटायर होतोय, नाही नाही ठेवली म्हणजे दुसरीकडे जातोय, आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक जण म्हणे त्याला थंडी वाजत होती एवढंच. फेब्रुवारीत तो ओरेगनमध्ये चार दिवस मिट्ट काळोखाच्या खोलीत विचार करायला जाऊन बसला (हे मी रचत नाहीये), आणि मार्चमध्ये बाहेर येऊन म्हणाला मला जेट्सकडे खेळायचंय. परत जेट्सच! आजोबा त्या दिवशी कुंपणापाशी येऊन नुसते हसले.

मग महिनाभर दोन्ही टीम घासाघीस करत बसल्या आणि २४ एप्रिलला, ड्राफ्टच्या तीन दिवस आधी, सौदा झाला. पॅकर्सना त्या वर्षीचा दुसऱ्या राउंडचा पिक, एक सहाव्या राउंडचा, पहिल्या राउंडमध्ये १५ ऐवजी १३ नंबर, आणि २०२४ चा दुसऱ्या राउंडचा पिक, जो रॉजर्स ६५ टक्के प्ले खेळला तर पहिल्या राउंडचा होणार. जेट्सना रॉजर्स, आमचा १५ नंबर आणि एक पाचव्या राउंडचा पिक.

ती ६५ टक्क्यांची अट म्हणजे फॅन्सच्या मनाची खरी परीक्षा होती. एप्रिलपर्यंत जे त्याला शिव्या घालत होते तेच सप्टेंबरमध्ये देवाला हात जोडून बसले की बाबा याला धडधाकट ठेव. ११ सप्टेंबर २०२३, सोमवारची रात्र, न्यू जर्सीत तो अमेरिकेचा झेंडा हातात घेऊन पळत मैदानात आला, आणि चौथ्या प्लेला खाली पडला, उठला, आणि परत हळूच खाली बसला. टाचेची शिर तुटली होती. आम्ही आजोबांकडेच बघत होतो. पाचेक मिनिटं कोणी बोललं नाही, मग आजोबांच्या मुलाने, जो सगळ्यात मोठ्याने ‘विका’ म्हणत होता, हळूच म्हटलं, गेला आपला पहिल्या राउंडचा पिक. त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की बास.

बरोबर कोण होतं? ट्रेड करायचाच होता, पण एक वर्ष उशीर झाला, असं मला वाटतं. मार्च २०२२ मध्ये रॉजर्स नुकताच एमव्हीपी झाला होता, त्याची किंमत सगळ्यात वर होती आणि त्याच वेळी पॅकर्सनी त्याला जवळपास १५ कोटींचा नवा करार दिला. त्याच दिवसांत सिएटलने आपला क्वार्टरबॅक रसेल विल्सन डेन्व्हरला देऊन पहिल्या राउंडचे दोन पिक, दुसऱ्या राउंडचे दोन आणि वर तीन खेळाडू घेतले. डेन्व्हरने दोन वर्षांनी विल्सनला सोडलं तेव्हा साडेआठ कोटींचं डेड मनी अंगावर घेतलं. म्हणजे घेणाऱ्याने किती मोजायचं याचं काही गणित नसतं, विकणाऱ्याला मात्र वेळ साधावी लागते, आणि पॅकर्सनी ती घालवली. अर्थात हे मी आता बोलतेय, २०२२ ला मी सुद्धा ठेवा म्हणणाऱ्यांतच होते, खोटं कशाला बोलू.

सगळीकडे कडवटपणा येतोच असंही नाही. डेट्रॉइटने २०२१ मध्ये आपला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसला दिला, बारा सीझन बिचारा तिथे झिजला आणि प्लेऑफची एक मॅच जिंकता आली नाही, तर फॅन्सनीच जा बाबा सुखी राहा म्हणून निरोप दिला, आणि त्याने पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला तेव्हा तिकडे घरचं कार्य असल्यासारखा आनंद. पण १४ जानेवारी २०२४ ला तोच स्टॅफर्ड प्लेऑफमध्ये डेट्रॉइटला आला तर त्याच लोकांनी हुर्यो केली. पोरगी सासरी सुखात असावी, पण माहेरचं लुटायला येऊ नये, एवढंच. आणि त्याच दिवशी आमचा जॉर्डन लव्ह डॅलसला त्यांच्या घरात ४८–३२ ने धुऊन आला, त्यामुळे मला ती तारीख पक्की लक्षात आहे. तोपर्यंत ‘विका’वाल्यांनी सुद्धा ऑक्टोबरभर तोंड लपवलं होतं, लव्ह तेव्हा हरतच होता ना.

आणखी एक गोष्ट इथेच आहे, बाकी कुठे नाही. पॅकर्सना मालक नाही, शेअरहोल्डर आहेत, पाच लाखांच्या वर. माझे वडील आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद, त्यामुळे २०२१ ला शेअर निघाले तेव्हा मी ३०० डॉलर देऊन एक घेतला आणि वडिलांना फोन करून सांगितलं की मी पण सभासद झाले. त्यांनी विचारलं डिव्हिडंड किती, म्हटलं काही नाही. विकता येतो? नाही. मग साखर तरी देतात का? ती पण नाही. पण त्या कागदामुळे प्रत्येकाला वाटतं की क्वार्टरबॅक माझा आहे आणि मला विचारून विकायला हवा होता, आणि जुलैतल्या सभेला लोक खरंच स्टेडियममध्ये जाऊन बसतात, कारखान्याच्या सभेसारखेच, फक्त चहा-चिवड्याच्या जागी बिअर आणि चीज.

तुम्ही आयपीएल बघत असाल तर मुंबईने रोहितला बाजूला करून हार्दिकला कॅप्टन केला तेव्हाचं वानखेडे आठवा, हार्दिकला झालेली हुर्यो आठवा. त्यात राग हार्दिकवर किती होता आणि विचारलं नाही म्हणून किती होता, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

राहता राहिले आजोबा. २०१५ च्या जुलैमध्ये फाव्हचा ४ नंबर लॅम्बोवर कायमचा राखून ठेवला, त्याला बघायला स्टेडियम भरलं होतं आणि आजोबांनी पेटीतून जर्सी काढून, इस्त्री करून, घालून नेली होती. रॉजर्स जेट्सकडून सुटून २०२५ मध्ये पिट्सबर्गकडे गेला, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पॅकर्सशी पहिली मॅच झाली, आम्ही ३५–२५ ने जिंकलो, लव्ह भारी खेळला. मॅच संपल्यावर मी आजोबांना विचारलं, रॉजर्सची १२ नंबरची जर्सी कुठेय तुमची. म्हणाले पेटीत. बाहेर कधी काढणार? त्यांनी बोटांवर मोजलं. फाव्ह गेल्यापासून ४ नंबरला सात वर्षं लागली, म्हणाले, ह्याची अजून पाच राहिलीत.