मेपर्यंतची चाचणी नको, गणपतीपर्यंत हवी

प्रश्न : आमची वाडी देवगड तालुक्यात, खाडीला लागून. पावसात कमरेइतकं खणलं की पाणी लागतं, त्यामुळे शोषखड्ड्याचा संडास जुलैत तुंबतो. आता एक कंपनी लघवी वेगळी काढणारा, बिनपाण्याचा नवा संडास सहा घरांत फुकट बसवून बघणार आहे, जानेवारी ते मे. नाव देऊ का?

उत्तर : ताई, नाव जरूर द्या. पण चाचणी गणपती होईपर्यंत चालली पाहिजे, हे आधी कागदावर घ्या.

आमच्याकडे असाच संडास बसवला होता. मे महिन्यात राख भुरभुरीत असायची. मूठभर टाकली की मैला झाकायचा, वास नाही की माशी नाही. मृग लागला आणि राख दमट झाली. आषाढात तिचे ओले गोळे पडायला लागले, गोळ्याच्या बाजूचं सगळं उघडं. आठवड्याभरात अळ्या झाल्या. फोन केला, तर चाचणी संपली म्हणाले. अहवालात आमचं घर 'समाधानी' होतं, ते मला अजून खुपतं. शेवटी सासूबाईंनी राखेचा डबा चुलीवरच्या फळीवर ठेवायला घेतला, तेव्हा निभावलं.

चतुर्थीला चाकरमानी आले, चारांचे सतरा झालो. पाहुण्यांना कुठे बसायचं, कुठे धुवायचं ते ठाऊक नाही. आपण पाण्याने धुणारी माणसं. धुण्याची जागा वेगळी नसेल तर ते पाणी मैल्याच्या खणात जातं आणि सगळं सडतं. ही जागा आधी बघा.

खण दोन हवेत. एक भरला की बंद करून निदान वर्षभर मुरू द्यायचा, कारण जंतांची अंडी फार चिवट. मग त्याचं सोनखत होतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी हेच काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे आपल्या मुलखाला ते परकं नाही. पण खण उपसणार कोण, हे आजच ठरवा. ते बायकांच्या गळ्यात पडू देऊ नका.

जुना संडास मात्र तोडू देऊ नका.

आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून विहिरीचं पाणी आत्ताच तपासून घ्या, श्रावणात पुन्हा. जांभ्यातून पाणी कुठून कुठे झिरपेल याचा भरवसा नाही. तपासणीची बाटली आत्ताच काळी पडली, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू असावेत असं दिसलं, तर दोष जुन्या खड्ड्याचा असू शकतो. नव्या संडासावर खापर फोडायच्या आधी ते कळलेलं बरं.