सासूबाईंचं शोकेस आणि १५ हजार रुपये

प्रश्न : नमस्कार सर. आमची इमारत १९९८ची, हॉल १० बाय १४ फुटांचा. भिंतींचा क्रीम डिस्टेंपर पिवळट पडलाय. सासऱ्यांनी करून घेतलेला सागवानी सोफा, समोर भिंतभर शोकेस, वर एक ट्यूबलाइट. मुलाचं लग्न ठरलंय आणि दिवाळीनंतर व्याही मंडळी पहिल्यांदाच घरी येणार आहेत. एका कॉन्ट्रॅक्टरने फॉल्स सीलिंग, नवी फरशी आणि टीव्ही युनिटचे मिळून अडीच लाख सांगितले. आमच्या हातात १५ हजार आहेत. शोकेस काढू या म्हटलं की सासूबाईंचा चेहरा उतरतो. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तो अडीच लाखांचा कागद आधी रद्दीत टाका. १० फूट रुंदीच्या हॉलला फॉल्स सीलिंग करायचं म्हणजे पैसे मोजून डोक्यावरची जागा घालवायची. पंखा खाली येतो आणि खोली बसकी दिसते. फरशीबद्दल तर तुम्ही तक्रारही केलेली नाही, मग ती कशाला उखडायची?

मी जन्मभर नाटकांची नेपथ्यं केली. मराठी नाटक दिवाणखान्यातून बाहेर पडत नाही म्हणून समीक्षक नाकं मुरडायचे, पण माझी चूल त्या दिवाणखान्यांवरच पेटली. पैसे कधीच नसायचे. निर्माता म्हणायचा, मागच्या नाटकाचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातल्या खोट्या भिंती, पडलेत, तेच घ्या. फ्लॅट तेच, सोफा तोच, पण घर दुसऱ्या कुटुंबाचं वाटलं पाहिजे. अशा वेळी आधी प्रकाश बदलायचा, मग कापड, आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. घरी लोक बरोबर उलटं करतात. चारही भिंती रंगवतात, वर तीच ट्यूब लावतात आणि मग म्हणतात, काही फरकच पडला नाही हो.

तेव्हा ट्यूबपासून सुरुवात करू. तुमची ट्यूब बहुतेक ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढरी असणार. ती छताजवळून सगळीकडे सारखा उजेड फेकते. त्यात माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात, सागवान राखाडी दिसतं आणि भिंतीवरचा प्रत्येक पोपडा उठून दिसतो. ती काढू नका. सासूबाईंना तांदूळ निवडायला, पोथी वाचायला तीच लागेल. फक्त संध्याकाळी बंद ठेवा. दोन दिवे घ्या : एक सोफ्याच्या बाजूला उभा, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, शोकेसच्या आसपास. दोन्ही प्लगवर चालणारे, म्हणजे भिंत फोडायला नको. त्यांत ९ वॉटचे, २७०० किंवा ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे एलईडी बल्ब. आकडा खोक्यावर छापलेला असतो. बल्ब घेण्याआधी दिव्याचा होल्डर पिनचा आहे की आट्यांचा ते बघा, नाहीतर पुन्हा दुकानाची चक्कर. शेड कापडाची किंवा कागदाची हवी, काचेची नको, उघडा बल्ब डोळ्यांत जातो. सगळं मिळून तीन-साडेतीन हजारांत बसतं. दिवे लावून आठवडाभर काही करू नका. कदाचित तुमचा पिवळट क्रीम तुम्हाला आवडूही लागेल. मला तर आवडेल असं वाटतंय.

आता पडदे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हॉल सगळ्यात जास्त बिघडतो तो आखूड पडद्यांनी. खिडकीच्या चौकटीला चिकटलेला रॉड, तयार मिळणारे पाच फुटी पडदे आणि खाली उघडी भिंत : तोकड्या विजारीत उभ्या असलेल्या मुलासारखी दिसते ती खिडकी. रॉड चौकटीच्या वर, जमिनीपासून आठ फुटांवर घ्या आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त. पडदा फरशीपासून अर्धा इंच वर थांबला पाहिजे. कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट रुंद लागतं, तरच चुण्या भरदार पडतात. समजा रॉड सहा फुटांचा आहे. मग बारा फूट रुंदी हवी. ४८ इंची पन्ह्याच्या तीन लांब्या. मधली लांबी उभी फाडून अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे जोडायची, शिंप्याला हे सांगावं लागत नाही. वरची पट्टी आणि खालची दुमड धरून प्रत्येक लांबी नऊ फुटांची, म्हणजे एकूण सव्वाआठ मीटर. सुती कापड आटतं, म्हणून नऊ मीटर घ्या आणि शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवा. इचलकरंजीचं साधं, जाडसर सुती कापड मीटरला दोनशेच्या आसपास मिळतं. शिलाई आणि रॉड धरून साडेतीन हजार. रंग भिंतीच्या जवळचा, एखादी छटा गडद. फुलंबिलं नकोत. चकचकीत पॉलिस्टर तर नकोच, त्यावर दिवा पडला की लग्नाच्या हॉलची आठवण येते.

सोफ्याला हात लावताना जपून. चांगलं सागवान आज नव्याने करायला गेलात तर तुमच्या बजेटच्या कितीतरी पट पैसे जातील. त्यावर ऑइल पेंट फासायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. जुन्या फ्रेंच पॉलिशमध्ये चपडी लाख असते. पाण्याचा पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं ते त्यामुळेच. पॉलिशवाला एका दिवसात हाताने नवा थर देऊन जातो. बसायच्या गाद्या चेपल्या असतील तर तेवढा फोम बदला : चार इंची, ४० डेन्सिटीचा. अभ्रे चेनवाले शिवून घ्या, धुता येतात. या सगळ्याला साडेपाच हजार धरा.

राहिलं शोकेस. ते राहू दे. सासूबाईंना त्या लाकडाचं काही नसतं, त्यातल्या वस्तूंचं असतं. एका दुपारी दोघी मिळून ते पूर्ण रिकामं करा, काचा व्हिनेगरच्या पाण्याने पुसा आणि परत काय ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या. अट एकच : तीनात एक वस्तू परत जाईल, बाकीच्या खोक्यात, आणि सहा महिन्यांनी पाळी बदलेल. काहीही फेकायचं नाही म्हटलं की माणूस सैल होतो. माझा अंदाज, संगमरवरी ताजमहाल, दोन स्मृतिचिन्हं आणि प्लास्टिकची फुलं त्या स्वतःच बाजूला काढतील आणि सासऱ्यांचा एखादा फोटो पुढे येईल. रंगमंचावरही हेच करतो आम्ही. प्रेक्षकाला चाळीस वस्तू दाखवल्या तर त्याला एकही दिसत नाही. शोकेसच्या मागच्या फळीला आतून गडद सुती कापड ताणून लावा. वस्तू पुढे येतात, खर्च दोनशे रुपये.

आता उरतात दोन-अडीच हजार. रंगवायचीच असेल तर एकच भिंत रंगवा, सोफ्यामागची. आधी भिंतीवर ओला तळवा घासा. हाताला पांढरं लागलं तर डिस्टेंपर सुटलाय. त्यावर थेट इमल्शन मारलं की वर्षभरात पापुद्रे निघतात. खरवडून, पॉलिश पेपर मारून, प्राइमर देऊन मगच दोन हात. त्या भिंतीला इमल्शनचे दीड-दोन लिटर साधारण लागतात. रंग दुकानातल्या ट्यूबखाली निवडू नका. कार्ड घरी आणा, नवे दिवे लावा आणि रात्री भिंतीला धरून बघा.

प्रश्न : कोथरूडमध्ये भाड्याने राहतो. घरमालक एक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. भिंती अगदी ओक्याबोक्या वाटतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मग भिंतींचा नाद सोडा आणि जमिनीकडे बघा. पाच बाय सातची सतरंजी घ्या, सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील अशी. एवढ्यानेच बैठक एकत्र येते. फ्रेम असेल तर ती बुटक्या कपाटावर, भिंतीला टेकवून ठेवा, टांगायची गरजच नाही. चिकटपट्टीचे हुक मात्र डिस्टेंपरवर लावू नका. काढताना रंगासकट निघतात आणि मग डिपॉझिटवरून वाद. चार कपडे वाळत घालायचा स्टँड हॉलमधून हलवता आला तर तो आधी हलवा.

प्रश्न : हॉलच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे. वर वॉलपेपर लावला तर झाकलं जाईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन महिने. त्यानंतर कागदामागे बुरशी धरेल आणि वास येईल. भिंतीवर जाड प्लास्टिकचा वीतभर लांब-रुंद तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा आणि वरच्या गच्चीतून येणारा पाइप आधी बघून घ्या. तोवर सोफा त्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आणि रंगाचं नाव डिसेंबरच्या आधी काढू नका.