एफडी मोडून बॅजचा लॉट घ्यावा का?

नाशिकचे एक वाचक लिहितात: चोर बाजारातला ओळखीचा विक्रेता जुन्या गाड्यांच्या 40 बॅजचा (गाडीवर लावलेल्या नावाच्या चिन्हांचा) लॉट 2 लाख 80 हजारांना देतोय. वडिलांनी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली, म्हणून जीव अडकलाय. 7 टक्क्यांची एफडी मोडू का? मुलीची कॉलेजची फी दोन वर्षांवर आली आहे.

दादा, एफडीला हात लावू नका. हीच रक्कम पाच वर्षं ठेवली तर कर धरण्याआधी साधारण 3 लाख 93 हजार होतील. बॅज विकायला गेलात की दुकानदार स्वतःचा नफा राखूनच भाव करणार. त्याने बाजारभावापेक्षा 30 टक्के कमी दिले असं धरलं, तर तेवढेच पैसे हातात यायला लॉटचा भाव 5 लाख 60 हजारांवर, म्हणजे आजच्या दुप्पट व्हायला हवा. मधल्या काळात व्याज शून्य. आणि फीची तारीख गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबत नाही.

बॅजची किंमत धातूची नसते, नावाची असते. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट 1100 पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. गाडी जवळपास तीच, बदलला तो बॅज. तरी मुंबईकरांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च. रोल्स-रॉइसच्या बोनेटवरची 1911 पासूनची पंखवाली बाई जगभर मागितली जाते. पद्मिनीचा बॅज आपल्यासारख्यांनाच प्यारा, आणि तो कारखान्यातून 2000 च्या आसपासपर्यंत निघत होता, त्यामुळे दुर्मीळ म्हणता येणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. तेव्हापासून आठवणी ताज्या आहेत, आणि विक्रेता त्याच आठवणींचा भाव लावतो.

परदेशी बॅज तर हातात घेतल्याशिवाय घेऊच नका. पालथा करून मागच्या पिना, सोल्डरचा जोड, बनवणाऱ्याचा ठसा बघा. खरा मीना, म्हणजे बॅजवरचा रंगीत लेप, भट्टीत भाजलेल्या काचेचा असतो: बोटाला गार लागतो, टवका उडाला तर कड काचेसारखी दिसते. नव्या नकलेवर बहुतेकदा रंग आणि वर प्लास्टिकसारखा थर असतो. चाळिसातले किती अस्सल, हे तपासल्याशिवाय एकगठ्ठा भाव मान्य करणं धोक्याचं आहे.

वडिलांच्या गाडीचा बॅज मात्र जरूर घ्या, मनापासून सांगतो. एकच, सुटा, या महिन्याच्या शिलकीतून. गुंतवणुकीच्या वहीत त्याची नोंद नको. लॉट फोडत नाही म्हणाला तर नमस्कार करून परत या. पद्मिनीचा बॅज दुसऱ्या दुकानातही मिळेल.